चेनची लॉकिंग पकड घेण्याआधी

बेळगावच्या उद्यमबागेत कामाला लागलास, छान झालं. पण पहिल्याच पगारात चेनची लॉकिंग पकड, म्हणजे जबड्याऐवजी साखळीनं वेढा घालून दांडा दाबला की घट्ट बसणारी पकड, घेऊ नको. आधी चांगला पाईप पान्हा घे. पान्ह्याचा जबडा पुरत नाही, अशा मशीनच्या गोल हौसिंगला (बाहेरच्या कवचाला) किंवा बोअरच्या पाईपला चेन लागते.

दुकानात साखळी मोजून बघ. 18 इंच असेल तर हिशेबानं साडेपाच इंच व्यासाला वेढा बसतो, पण मी साडेचारच्या वर भरवसा ठेवत नाही. कडी न् कडी वाकवून बघ, एक जरी अडली तर परत दे.

साखळी आधी हातानं ताणून खाचेत अडकव, मग दांड्याच्या शेपटीचा स्क्रू फिरव. दांडा दाबताना थोडा जोर लागून 'टक्' झालं पाहिजे. दोन्ही हातांनी दाबावं लागलं तर स्क्रू जास्त आवळलाय. पीव्हीसीला पट्ट्याचाच पान्हा लाव, साखळी पाईप चेपते.

आणि बोअरची मोटार उपसताना पाईपचं वजन कधीच या पकडीवर सोडू नको रे. क्लॅम्पच लाव. खानापूरकडे एका विहिरीवर माझ्या डोळ्यांदेखत पकड सुटली, पाईप मोटारीसकट खाली गेला. जोडीदाराची बोटं थोडक्यात वाचली.