लग्नाआधी पहिलं फुल बॉडी वॅक्स आणि मायक्रोब्लेडिंग: काय माहीत असावं?

तुम्ही लिहिलंय की लग्न पाच आठवड्यांवर आलंय, वॅक्स आजवर कधीच केलेलं नाही, हातापायाला रेझर लावून तीन आठवडे झाले, आणि भुवया विरळ आहेत म्हणून मैत्रीण मायक्रोब्लेडिंगच्या, म्हणजे भुवयांत रंग टोचून भरून घेण्याच्या, मागे लागली आहे.

वॅक्स करा. भुवया लग्नानंतर. उत्तर खरं तर इथेच संपतं, पण कारण सांगितल्याशिवाय तुम्हाला पटायचं नाही, मैत्रिणीला तर नाहीच.

मी १४ वर्षं पार्लर चालवते. वॅक्स बिघडलं तर महिनाभरात सगळं पूर्ववत होतं, बहुतेक वेळा. भुवई बिघडली तर ती दोन-तीन वर्षं रोज आरशात भेटते. दोन्ही गोष्टी एकाच 'ब्रायडल पॅकेज'मध्ये बसवतात म्हणून त्या एकाच तोलाच्या वाटतात, पण एकीत केस उपटले जातात आणि दुसरीत कातडीत रंग टोचला जातो.

आधी वॅक्स. पहिलं वॅक्स लग्नाच्या आठवड्यात कधीच करू नये. तुमची कातडी कशी वागेल हे तुम्हालाही माहीत नाही आणि पार्लरवालीलाही नाही. या आठवड्यात एकदा करून घ्या, दुसरं हळदीच्या तीन-चार दिवस आधी. केस तांदळाच्या दाण्याएवढे, म्हणजे पाचेक मिलिमीटर, वाढलेले असले की पट्टीला नीट धरतात. तुमचे आत्ता तेवढे असतील, आणि मधल्या चार आठवड्यांत पुन्हा तेवढे येतील. तोवर रेझर अजिबात नको. मेंदी वॅक्सनंतरच काढा. मेंदीचा रंग कातडीच्या वरच्या थरात बसतो आणि पट्टीबरोबर तोच थर निघतो. आणि कच्ची हळद आदल्या दिवशी वॅक्स केलेल्या कातडीवर चोळली की काय चुरचुरतं, ते माझ्याकडच्या एका नवरीला विचारा. हळदीत सगळे हसत होते, ही एकटी रडत होती, आणि सासरच्यांना वाटलं माहेर सुटतंय म्हणून.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पिंपल्ससाठी आयसोट्रेटिनॉइनची गोळी चालू आहे का, किंवा गेल्या सहा महिन्यांत होती का? असेल तर वॅक्स नाही. ट्रेटिनॉइन किंवा अ‍ॅडापलीनसारखं क्रीम लावत असाल तर त्या जागी निदान आठवडाभर आधी बंद करा. हल्ली 'नाइट सीरम' म्हणून रेटिनॉल सर्रास वापरतात, तेही यातच आलं. या औषधांनी कातडीचा वरचा थर नाजूक होतो. पार्लर टाकल्यावर पहिल्याच वर्षी मी एका मुलीच्या अपर लिपची पट्टी ओढली आणि केसांबरोबर कातडीचा पापुद्रा निघून आला. गोळी चालू होती. तिला सांगायचं सुचलं नाही आणि मी विचारलं नाही. चूक माझीच. तेव्हापासून मी विचारल्याशिवाय वॅक्सचा डबा उघडत नाही. तुमच्या पार्लरवालीने नाही विचारलं, तर तुम्ही आपणहून सांगा. मधुमेह, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, पायावर फुगलेल्या शिरा, नुकतंच केलेलं केमिकल पील (औषध लावून कातडीचा वरचा थर सोलणं) हेही सांगा. लेझरने केस काढायची ट्रीटमेंट चालू असेल तर मध्ये वॅक्स करून चालत नाही. लेझर मुळाशी असलेल्या केसाच्या रंगावर काम करतं, आणि वॅक्स तो केस मुळासकट उपटतं.

'फुल बॉडी' म्हणजे काय हे प्रत्येक पार्लरमध्ये वेगळं असतं. कुठे हात, पाय, अंडरआर्म, पाठ आणि पोट. कुठे बिकिनीही धरतात, कुठे त्याचे वेगळे पैसे. आधी विचारा. बिकिनी वॅक्स केलंच पाहिजे असं मुळीच नाही. 'लग्न आहे ना, मग करून घे' म्हणून कुणी गळ घातली तरी नको असेल तर नको म्हणा. करायचंच असेल तर तिथे आणि अंडरआर्मला हार्ड वॅक्स मागा. ते पट्टीशिवाय निघतं, केसांना धरतं आणि कातडीला कमी चिकटतं. काही वॅक्समध्ये राळ असते आणि काहींना तिचीच अ‍ॅलर्जी असते. म्हणून पहिल्या दिवशी हातावर छोट्या जागी लावून एक दिवस थांबा.

स्वच्छतेचं बघणं सोपं आहे. स्पॅचुला किंवा सुरी तुमच्या अंगाला लागून पुन्हा डब्यात बुडते का, तेवढं पाहा. बुडत असेल तर तुमच्या आधी जी कुणी येऊन गेली तिचंही काही त्या डब्यात असणार. पट्ट्या धुऊन पुन्हा वापरलेल्या असतील तर मी तरी उठून येईन. वॅक्स लावायच्या आधी मनगटावर थेंबभर लावून बघायला सांगा. माझ्या अनुभवात पार्लरमधला सगळ्यात नेहमीचा अपघात भाजण्याचाच.

नंतर एक दिवस सैल सुती कपडे घाला. गरम पाण्याची आंघोळ, जिम, डिओ, ऊन टाळा. बारीक लाल पुटकुळ्या आल्या तर थंड पाण्याची पट्टी ठेवा, नखं लावू नका. आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीवर खाजवलेल्या पुटकुळीचा काळा डाग महिनोन्महिने राहतो. दोन-तीन दिवसांनी हलकंसं स्क्रब केलं की केस आतल्या आत वळत नाहीत. आणि हो, वॅक्सने केस जाड येत नाहीत, ती रेझरसारखीच अफवा. टॅनही जात नाही, मेलेली कातडी निघते म्हणून दोन दिवस उजळ वाटतं.

आता भुवया.

मायक्रोब्लेडिंगमध्ये बारीक सुयांच्या पात्याने कातडीत केसासारख्या रेघा ओढून त्यात रंग भरतात. पहिले तीन-चार दिवस भुवई गडद, जाड, चित्रासारखी दिसते. मग खपल्या धरतात. त्या पडल्या की रंग इतका फिका होतो की पैसे पाण्यात गेले असं वाटतं, आणि तीन-चार आठवड्यांनी तो पुन्हा वर येतो. सहा ते आठ आठवड्यांनी टचअप करावा लागतो, तेव्हा कुठे काम पुरं होतं. तुमच्याकडे पाच आठवडे आहेत. म्हणजे लग्नाच्या दिवशी भुवई अर्धवट, आणि बरोबर तिच्याच वर मुंडावळ्या. खपली लांबली तर हळदीत कुणी मायेने कपाळाला हळद फासणार, ती वेगळीच. लग्नात मेकअप करणारी मुलगी पेन्सिल आणि पावडरने १० मिनिटांत भुवई भरते, ते धुऊनही निघतं.

'पर्मनंट' या शब्दावर विश्वास ठेवू नका. साधारण एक ते तीन वर्षं टिकतं, तेलकट कातडीवर कमी, आणि तिथे रेघा पसरून धूसर होतात. तेलकट असाल तर मशीनने ठिपके देऊन केलेली पावडर भुवई बरी. पण जाताना रंग नीट जाईलच असं नाही. माझ्या आजीच्या कपाळावर गोंदण होतं. गोंदताना काजळीचं काळं, पण मला आठवतं ते हिरवट निळंच. काळा रंग कातडीच्या आत गेला की वरून निळसर दिसतो. भुवईच्या शाईतही कार्बनचा काळा असेल तर तेच होतं. लोहाच्या रंगाची तपकिरी असेल तर उतरता उतरता ती तांबूस होते. माझ्या मावसबहिणीच्या भुवया तिसऱ्या वर्षी विटकरी झाल्या. लेझरने काढू म्हटलं तर लोहाचे रंग लेझरखाली उलट काळे पडू शकतात, म्हणून तेही जपून.

लग्नानंतर करायचं ठरलं तर मायक्रोब्लेडिंग करणाऱ्या मुलीकडे ताज्या कामाचे फोटो मागू नका, ताजं काम सगळ्यांचंच सुंदर दिसतं. वर्षापूर्वी केलेल्या भुवया आज कशा आहेत ते दाखवायला सांगा. पातं सीलबंद असावं, तुमच्यासमोर फोडावं, नंतर सुयांच्या वेगळ्या डब्यात जावं. हेपेटायटिस बी, सी आणि एचआयव्ही दुसऱ्याला वापरलेल्या सुईतून पसरू शकतात. भुवईचा आकार तुम्ही बसलेल्या असताना आखून घ्या, कारण आडवं झालं की भुवई वर सरकते. आखणी पटली नाही तर तिथूनच घरी या. गरोदर असाल, बाळ अंगावर पीत असेल, जखमेवर जाड वण उठत असेल किंवा केसांच्या डायने खाज सुटत असेल तर आधी त्वचारोगतज्ज्ञांना विचारा. केल्यावर वर्षभर रक्तदान करता येत नाही, आणि कधी एमआरआय करावा लागला तर तिथल्या माणसाला भुवयांचं सांगा. शाईतल्या लोहामुळे क्वचित तिथे चटका बसतो.

एक गोष्ट मात्र लग्नाच्या आधीच उरकून टाका. भुवया लहानपणापासून विरळ आहेत की गेल्या वर्षभरात झाल्या? बाहेरच्या टोकाकडून उडाल्या असतील, सोबत थकवा किंवा वजन वाढणं असेल, तर थायरॉइडची तपासणी करून घ्या. माझ्याकडे दोरा मारायला येणारी एक बाई, 'ताई, तुम्ही जास्तच काढता' म्हणून दोन वर्षं मला बोल लावायची. शेवटी तिचा थायरॉइड निघाला. गोळी सुरू झाल्यावर भुवया हळूहळू परत आल्या, आणि आता ती दर १५ दिवसांनी येऊन त्या पुन्हा बारीक करून घेते.