सागरी सस्तन प्राण्यांसाठी खानदेशातून निधी

प्रश्न : जळगावच्या औद्योगिक वसाहतीत आमचा कारखाना आहे. कोकण किनाऱ्यावरील डॉल्फिनच्या संशोधनाला सीएसआर (कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीचा) निधी द्यावा, अशी सूचना आमच्या समितीत आली. परंतु ‘समुद्र कुठे आणि आपण कुठे’ असे म्हणून ती बाजूला पडली. असा निधी कायद्यात बसतो का आणि तो नेमका कशासाठी द्यावा?
— एक वाचक, जळगाव

उत्तर : कायद्यात तो बसतो. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ खाली येणाऱ्या कामांच्या सातव्या अनुसूचीत वनस्पती व प्राणी यांच्या संरक्षणाचा स्पष्ट उल्लेख आहे. स्थानिक क्षेत्राला प्राधान्य द्यावे असे कलम म्हणते खरे, पण ते बंधनकारक नसल्याचा खुलासा केंद्रीय कंपनी व्यवहार मंत्रालयाने केलेला आहे. शिवाय आपली तापी सुरतजवळ अरबी समुद्रालाच मिळते, आणि हंपबॅक डॉल्फिन किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात व खाड्यांच्या मुखाशीच वावरतो.

कशासाठी द्यावा, हा प्रश्न मला अधिक मोलाचा वाटतो. पुष्कळ कंपन्या एका दिवसाच्या किनारा-स्वच्छतेवर समाधान मानतात. संशोधनाचे काम मात्र संथ असते : लहान होडीतून डॉल्फिनच्या पाठीवरील पराची छायाचित्रे घ्यायची, पराच्या कडेवरील खाचा व व्रण जुळवून एकेक प्राणी ओळखायचा, आणि तोच प्राणी पुढील वर्षी पुन्हा दिसतो का ते पाहायचे. मादी साधारण तीन वर्षांनी एकदा वीत असल्यामुळे संख्या वाढते आहे की घटते आहे, हे एका वर्षाच्या निधीतून कळूच शकत नाही. सीएसआर नियमांनुसार ‘चालू प्रकल्प’ सुरुवातीचे वर्ष सोडून आणखी तीन आर्थिक वर्षे चालवता येतो. ही मुदत पूर्ण वापरावी आणि पैसे होडीचे भाडे, डिझेल व तरुण संशोधकांचे पगार यांसाठी मोकळेपणाने द्यावेत. प्रशासकीय खर्चावरील पाच टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या खर्चाला आहे, प्रकल्पावरील प्रत्यक्ष खर्चाला नाही. समित्यांनी येथे विनाकारण हात आखडता घेऊ नये.

या प्राण्यांना सर्वांत मोठा धोका मासेमारीच्या जाळ्यांचा आहे, कारण श्वासासाठी पृष्ठभागावर येता आले नाही तर ते गुदमरतात. जाळे कापून संरक्षित प्राणी सोडणाऱ्या मच्छीमाराला महाराष्ट्रात २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते. गुजरातेत देवमुशीसाठी (व्हेल शार्क; ती सस्तन नव्हे, मासा आहे) टाटा केमिकल्स, वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया आणि वन विभाग यांनी २००४ च्या सुमारास उभी केलेली मोहीमही मच्छीमारांच्या भरवशावरच टिकली. म्हणून निधीचा एक हिस्सा मच्छीमारांना प्रशिक्षण देण्यासाठी आणि जाळ्यात अडकलेल्या प्राण्यांच्या नोंदींसाठी राखावा.

करारापूर्वी संस्थेची सीएसआर-१ नोंदणी (सीएसआर निधी घेणाऱ्या संस्थांची सरकारदरबारची नोंद) आणि वन विभागाची परवानगी तपासावी, आणि निष्कर्ष कंपनीला गैरसोयीचे असले तरी ते प्रसिद्ध होतील, असे कलम करारात लेखी घालावे.