हेड गेलं म्हणण्याआधी टोपी बघा

परतूरच्या दादांचा प्रश्न थोडक्यात असा: सेवा केंद्रातला टाकीवाला रंगीत प्रिंटर पीकविम्याची गर्दी ओसरल्यावर दोन महिने तसाच पडून होता. आता काळ्यात पांढऱ्या रेघा येतात, लाल तर उमटतच नाही. अकरा वेळा हेड क्लीनिंग (हेड म्हणजे कागदावर शाई उडवणारा भाग, तो मशीननंच साफ करायचा) मारून झालं. मेकॅनिक म्हणतो, हेड गेलं, नवीन टाका. टाकावं का?

दादा, आधी ते क्लीनिंगचं बटण सोडा. बारावी वेळ नको.

मी सेलूत तहसीलसमोर झेरॉक्स आणि दुरुस्तीचं दुकान चालवतो. "हेड गेलं" म्हणून माझ्याकडं येणाऱ्या बऱ्याच मशिनींचं हेड शाबूत असतं, बिघडलेली असते ती त्याची टोपी. काम संपलं की हेड उजव्या कोपऱ्यात जाऊन एका रबरी कडांच्या डबीवर बसतं. आपण तिला टोपी म्हणू, मेकॅनिक लोक कॅपिंग म्हणतात. ही टोपी दोन कामं करते: हेड वाळू देत नाही, आणि क्लीनिंगच्या वेळी खालच्या पंपाच्या जोरावर नोजलमधून, म्हणजे हेडच्या बारीक भोकांतून, शाई ओढते. रबरावर वाळलेल्या शाईचा थर बसला की टोपी घट्ट लागत नाही. मग पंप शाईऐवजी हवा ओढतो आणि तुमचं क्लीनिंग नुसतं आवाज करतं. उलट कधीकधी हवा आत शिरून, जे नोजल चालू होते तेही बंद पडतात.

म्हणून पहिलं काम, नोजल चेकचे (सगळे नोजल चालतात का ते रेघांनी दाखवणाऱ्या चाचणीचे) दोन कागद अर्ध्या तासाच्या अंतरानं काढा आणि शेजारी ठेवा. दोन्हींवर त्याच जागच्या रेघा गायब असतील तर तिथं शाई वाळलीय. जागा बदलत असतील तर हवा आहे, किंवा टोपी नीट ओढत नाही. एखादा रंग पूर्ण गायब असेल, तुमच्या लालसारखा, तर आधी टाकीतली पातळी बघा. शाई खालच्या खुणेखाली गेली असेल तर नळीत हवा भरलेली असू शकते. आणि पान वरून चांगलं येऊन खाली फिकट होत असेल तर हेडला शाई पुरेनाशी झालीय, ते जाम नव्हे. पिवळ्या रेघा डोळ्याला नीट दिसत नाहीत, तेव्हा निळा जिलेटिन कागद डोळ्यासमोर धरा, काळ्या दिसतील.

आता टोपी. मशीन चालू करून हेड कोपऱ्यातून हललं की प्लग काढा. हेड मोकळं होतं, हातानं हळूच डावीकडं सरकतं. (लाईट गेल्यावर नेमकं हेच होतं, त्यावर पुढं बोलतो.) कापडाचा धागा न सुटणारा तुकडा ओला करून रबराच्या कडा पुसा. शेजारचा रबरी वायपरही पुसा, त्यावर केस आणि कापूस अडकलेला असतो. आमच्याकडं जिनिंगच्या दिवसांत तर हमखास. मग ड्रॉपरनं टोपीत काठोकाठ पाणी भरा, मशीन लावा आणि एकदाच क्लीनिंग करा. परत हेड सरकवून बघा. पाणी ओढलं गेलं असेल तर पंप ठीक. तसंच साचलं असेल तर खालची नळी तुंबलीय किंवा निसटलीय, आणि ते काम हेडच्या किमतीच्या मानानं किरकोळ आहे.

पाणी मात्र बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड घ्या. बोअरचं नको, आपल्याकडचं बोअर किती क्षारी असतं ते चहाच्या भांड्याचं बूड सांगतं. नोजल केसाहून बारीक असतो, त्यात क्षार बसला की मग खरंच हेड जातं.

टोपी नीट असूनही त्याच रेघा गायब राहिल्या, तर घडी घातलेलं कापड त्याच पाण्यात भिजवून हेडखालच्या पट्टीवर ठेवा, हेड त्यावर आणा आणि रात्रभर सोडा. सकाळी कापड काढून हेड टोपीवर न्या, नोजल चेक काढा, फार तर दोनदा क्लीनिंग करा. फरक नाही पडला तर बारा तास हात लावू नका. आतले हवेचे बुडबुडे बसायला तेवढा वेळ लागतो. त्यानंतरच कॉम्प्युटरवरून पॉवर क्लीनिंग, म्हणजे जोराचं क्लीनिंग, तेही सगळ्या टाक्या किमान एक तृतीयांश भरलेल्या असतील तरच. ते शाई भरपूर पितं, आणि ती सगळी खालच्या पॅडमध्ये, म्हणजे वाया गेलेली शाई शोषणाऱ्या स्पंजात, जाते. पॅड भरलं की मशीन अडून बसतं, तो वेगळा खर्च.

सिरिंजनं दाब देऊन शाई ढकलायचे व्हिडिओ बघितले असतील. मी एकदा गिऱ्हाइकाच्या मशीनवर ते केलंय. शाई वर चढून हेडच्या वायरपट्टीच्या जोडात गेली, हेड आणि मशीनचा सर्किट बोर्ड दोन्ही उडाले, भरपाई मी केली.

अजून एक, कोणतं हेड आहे ते ओळखा. एप्सनमध्ये पिझो नावाचा विजेनं वाकणारा तुकडा थेंब ढकलतो, हेड मशीनमध्येच पक्कं असतं. कॅनन आणि एचपीत बारीकशी शेगडी शाईचा बुडबुडा उकळून थेंब उडवते. शाई न येता ती तापत राहिली की जळते, म्हणून तिथं सारखं क्लीनिंग जास्तच घातक. पण एचपीच्या छोट्या कार्ट्रिजवर हेड कार्ट्रिजलाच असतं, कोमट पाण्याच्या ओल्या टिश्यूवर दोन मिनिटं टेकवा, नाहीच जमलं तर कार्ट्रिज बदला, हेड नवं झालं. तांब्याच्या ठिपक्यांना बोट लावू नका. कॅननच्या जी मालिकेतल्या बऱ्याच मशिनींत काळी शाई पिगमेंट (रंगाचे बारीक कण असलेली) आणि रंगीत डाय (रंग विरघळलेली) असते. बाजारातली कोणतीही काळी ओतली तर दोन्ही एकमेकांत फाटून गुठळी होते.

तुमचं मशीन दोन महिन्यांत का बसलं? माझा अंदाज, लाईट. छपाई चालू असताना गेली, हेड मधेच उघडं राहिलं, आणि तुम्ही भिंतीवरच्या बोर्डाचं बटण बंद करून घरी गेलात. बेचाळीस डिग्रीत पत्र्याच्या दुकानात उघडं हेड किती टिकणार? नेहमी मशीनच्याच बटणानं बंद करा, दिवा विझेपर्यंत थांबा, मग बोर्ड. कॉम्प्युटरचा साधा यूपीएस इंकजेटला सहज पुरतो. लेझर मात्र त्यावर लावू नका. आठवड्यातून एक नोजल चेक काढा, सुट्टीवर असलात तरी पोराला सांगून.

आता दोन्ही कागदांचे फोटो टाका, शेजारी शेजारी. लालच्या टाकीची पातळीही दिसू द्या.