आजी मान हलवतात, पण हो म्हणतात का?

प्रश्न : आम्ही भांडुपला राहतो. मुलगी अकरावी सायन्सला आहे. आठ महिन्यांपूर्वी सासूबाईंना पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं जवळपास बंद झालं. त्यांना काय हवंय ते घरात फक्त हिला कळतं. त्या कशालाही मान हलवून हो म्हणतात, म्हणून ही तोच प्रश्न उलटा करून पुन्हा विचारते. आता म्हणते, "मला माणसं वाचता येतात, सायन्स सोडते, बॉडी लँग्वेज एक्सपर्ट होते." एका क्लासने तीन महिन्यांच्या सर्टिफिकेट कोर्सचे ४५,००० रुपये सांगितलेत. यात करिअर आहे का? – एक आई

उत्तर :

ताई, नमस्कार.

आधी पैशांचं सांगते. ते ४५ हजार भरू नका आणि तिला सायन्सही सोडू देऊ नका. 'बॉडी लँग्वेज एक्सपर्ट' या नावाची जागा कुठल्या हॉस्पिटलच्या किंवा सरकारी भरतीच्या जाहिरातीत मला आजवर दिसलेली नाही. या विषयावर कंपन्यांमध्ये ट्रेनिंग देणारी माणसं आहेत. पण ज्यांना पुन्हा पुन्हा बोलावलं जातं, त्यांच्या गाठीशी मानसशास्त्राचा, नाटकाचा किंवा मनुष्यबळ खात्याचा बऱ्याच वर्षांचा अनुभव असतो.

मुलीचं म्हणणं मात्र उडवून लावू नका. उलटा प्रश्न विचारण्याबद्दलची ओळ मी थांबून पुन्हा वाचली. तुम्ही ती सहज लिहून गेलात, पण माझ्या मते अख्ख्या पत्रातली तीच सर्वांत मोलाची गोष्ट आहे.

बहुतेकांच्या मेंदूत भाषेचं काम प्रामुख्याने डाव्या बाजूला चालतं आणि शरीराच्या उजव्या बाजूची हालचालही डावीकडूनच होते. म्हणून उजवी बाजू गेलेल्या रुग्णाची वाचा जाणं खूपदा दिसतं. याला वाचाघात म्हणतात. माणूस तोच असतो, त्याला बोलायचंही असतं, पण शब्द हाती लागत नाही. काहींना दुसऱ्याचं बोलणं समजायलाही जड जातं. अशा वेळी 'हो' आणि 'नाही'ची गल्लत नेहमी होते. 'चहा हवा?' मान हलते. 'चहा नको ना?' तरी मान हलते. चेहऱ्यावरही पूर्ण भिस्त ठेवता येत नाही, कारण अर्धा चेहरा लुळा पडला असेल तर हसूसुद्धा वाकडं उमटतं. म्हणजे ज्या दोन खुणांवर आपण सगळे विसंबतो, त्याच इथे दगा देतात. हे तुमच्या मुलीला कोणी शिकवलं नव्हतं. तिला एक खूण दिसली, तिच्यावर तिने लगेच विश्वास ठेवला नाही, दुसरीकडून तपासून पाहिलं. ज्या क्लासचे पैसे विचारलेत, तिथे बहुधा याच्या बरोबर उलटं शिकवतील.

अशा ठिकाणी एक आकडा हमखास फळ्यावर येतो : संवादात शब्द फक्त ७ टक्के, आवाज ३८ आणि देहबोली ५५. हे आकडे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ सालच्या दोन प्रयोगांतून आले. त्यांत सुटे शब्द, ते उच्चारण्याचा सूर आणि चेहऱ्यांचे फोटो वापरले होते. बोलणाऱ्याला आपल्याबद्दल आपुलकी आहे की नावड, एवढंच ओळखायचं होतं. ते सगळ्या संवादाला लावता येत नाही, हे त्यांनी स्वतःच पुढे स्पष्ट केलं. आणि साधा विचार करा ना : टीव्हीवरची तमिळ बातमी आवाज चालू ठेवून, चेहरा पाहून आपल्याला ९३ टक्के कळते का?

खोटं पकडण्याचंही तसंच. या विषयावरच्या दोनशेहून अधिक अभ्यासांचा एकत्र आढावा २००६ साली निघाला, त्यात माणसांचे अंदाज सरासरी १०० पैकी ५४ वेळा बरोबर आले. नाणं उडवलं तरी ५० येतात. 'हाताची घडी म्हणजे मन बंद' हे वाक्य तर मुलीने संध्याकाळच्या कल्याण लोकलमध्ये घासून पाहावं. तिथे निम्म्या बायका हात छातीशी घेऊन उभ्या असतात, कारण आत पर्स असते. त्याच डब्यात एक बाई नुसती भुवई उचलून 'कुठे उतरणार?' विचारते, दुसरी दोन बोटं हलवून 'घाटकोपर' सांगते आणि बसायची जागा ठरून जाते. तिथे खूण पक्की कळते, कारण प्रसंग दोघींना माहीत असतो. प्रसंग काढून घेतला की भुवई ही फक्त भुवई.

आता वाटा. पहिली आणि मला सर्वांत जवळची वाटते ती बीएएसएलपी, म्हणजे ऑडिओलॉजी (ऐकण्याच्या अडचणी) आणि स्पीच-लँग्वेज पॅथॉलॉजी (बोलण्याच्या आणि भाषेच्या अडचणी) यांची पदवी. स्पीच थेरपिस्ट यातूनच होतात. इंटर्नशिपचं वर्ष धरून चार वर्षं. या पदवीला बारावी सायन्स लागतं, म्हणून वर म्हटलं की सोडू देऊ नका. मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला १९८३ पासून अली यावर जंग यांच्या नावाची वाक् आणि श्रवण दिव्यांगजन राष्ट्रीय संस्था आहे. मुंबई सेंट्रलच्या नायर रुग्णालयाच्या कॉलेजातही हा कोर्स चालतो. भारतीय पुनर्वास परिषदेत नोंदणी झाली की प्रॅक्टिस करता येते. प्रवेशाचे नियम दोन्हीकडची यंदाची माहितीपत्रकं समोर ठेवून वाचा, शेजाऱ्यांच्या सांगण्यावर जाऊ नका.

दुसरी वाट सांकेतिक भाषेच्या दुभाष्याची. इथे एक गैरसमज आधीच काढून टाकते : भारतीय सांकेतिक भाषा ही देहबोली नव्हे, ती व्याकरण असलेली पूर्ण भाषा आहे. तिच्यात 'काय', 'कुठे' हे प्रश्नाचे शब्द वाक्याच्या शेवटी येतात आणि चेहऱ्याची हालचाल व्याकरणाचं काम करते. दुभाष्याचा दोन वर्षांचा डिप्लोमा बारावीनंतर करता येतो. मानसशास्त्र हीही वाट आहेच, पण तिथे पदवीनंतर पदव्युत्तर शिक्षणाची तयारी हवी. ते घरात आधी बोलून घ्या.

एक गोष्ट मला खटकली. तुमच्या पत्रात फिजिओथेरपी किंवा स्पीच थेरपीचा कुठेच उल्लेख नाही. राहून गेलं असेल तर आठ महिने झाले म्हणून वेळ टळली असं समजू नका. वाचाघातात उशिरा सुरू केलेल्या थेरपीचाही उपयोग होतो. घरात वापरायला चित्रांचा तक्ता करून घेता येतो : पाणी, औषध, बाथरूम, दुखतंय. आजी त्यावर बोट ठेवू शकतील.

तेव्हा येत्या आठवड्यात सासूबाईंना स्पीच थेरपिस्टला दाखवायला न्या आणि मुलीला कॉलेज बुडवून बरोबर घ्या. तोवर तिला एक वही करू द्या : आजींनी काय केलं, मला काय वाटलं, प्रत्यक्षात काय निघालं. चुकलेले अंदाजही लिहायचे. ती वही थेरपिस्टच्या हातात द्या, त्यांना तिचा फार उपयोग होईल. आणि थेरपिस्ट आजींशी कसं बोलतात, किती वेळ थांबतात, हे मुलीला शेजारी बसून पाहू द्या. परत आल्यावर तिला काय वाटतं ते मला तिनेच लिहावं.