स्लिपेज वाढवू नका, अडचण टोकनच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये आहे

पॅनकेकस्वॅप या क्रिप्टो अदलाबदलीच्या साइटवर बीएनबी (बीएनबी चेनचं चलन) देऊन एखादा नवा टोकन घेता आला, विकताना मात्र ‘ट्रान्सफर फ्रॉम फेल्ड’ ही चूक येतेय, आणि ग्रुपवाले स्लिपेज, म्हणजे दाखवलेल्या भावापेक्षा किती कमी मिळालं तरी चालेल ती मर्यादा, ४९ टक्के करा म्हणतायत. करू नका. स्लिपेज कमी पडलं असतं तर ‘इनसफिशियंट आउटपुट अमाउंट’ आलं असतं.

आधी अप्रूव्हल, म्हणजे पॅनकेकस्वॅपला तुमचा टोकन हलवायची परवानगी, झालंय का ते बघा, मग शिल्लकीचा १ टक्काच विकून पाहा. तेवढा गेला तर एका व्यवहारावर कमाल मर्यादा आहे, तुकड्यातुकड्यांनी विका. तोही अडला तर हनीपॉट समजा, म्हणजे घेता येतो पण विकता येत नाही असा सापळा.

टोकन आणि बीएनबी यांचा साठा ज्यात असतो त्या जोडीच्या कॉन्ट्रॅक्टचा (ब्लॉकचेनवरच्या प्रोग्रामचा) कोड सगळ्या टोकनांना सारखाच असतो. गोम टोकनच्या ट्रान्सफर फंक्शनमध्ये असते. खरेदीत टोकन जोडीकडून तुमच्याकडे येतो, विक्रीत तुमच्याकडून जोडीकडे जातो. ‘घेणारा पत्ता जोडीचा आणि पाठवणारा मालकाच्या यादीत नाही, तर व्यवहार रद्द’ एवढी एक अट पुरते. मग चार्ट हिरवागार दिसणारच, विकतंय कोण? २०२१ मधल्या स्क्विड टोकनमध्ये ‘अँटी-डंप’च्या गोंडस नावाखाली विक्री अडवली होती. भाव २,८०० डॉलरच्या वर गेला आणि १ नोव्हेंबरला काही मिनिटांत जवळपास शून्यावर आला.

पुढच्या वेळी घेण्याआधी बीएससीस्कॅनवर, म्हणजे या चेनचे सगळे व्यवहार दाखवणाऱ्या साइटवर, विक्रीचे व्यवहार उघडा. विक्री आहे एवढ्यावर समाधान मानू नका, विकणारे कोण ते बघा. तेच तीन-चार पत्ते असतील आणि त्यांना टोकन खरेदी न करताच मिळाला असेल, तर ती घरचीच माणसं. टोकनचा सोर्स कोड तिथे व्हेरिफाइड, म्हणजे वाचायला खुला, नसेल तर विषय तिथेच संपला. असेल तर ब्लॅकलिस्ट, कर बदलणं, ट्रेडिंग थांबवणं असले अधिकार कुणाकडे आहेत ते वाचा. ‘ओनरशिप रिनाउन्स्ड’ (मालकाने हक्क सोडला) ही पाटी फसवी असू शकते, दुसऱ्याच नावाने अधिकार राखून ठेवलेला सापडतो. हनीपॉट डॉट इज ही साइट खरेदी-विक्रीची नक्कल करून दाखवते, पण ती त्या क्षणापुरती. मालकाने संध्याकाळी विक्रीकर ५ वरून ९९ टक्के केला तर सकाळचा निकाल कुचकामी. लिक्विडिटी, म्हणजे जोडीतला साठा, लॉक असणं वेगळंच. त्याने लॉक असेपर्यंत मालक ती लिक्विडिटी काढून घेऊ शकत नाही, पण तुमची विक्री सुरू होत नाही.

आता ‘पैसे सोडवून देतो’ म्हणणारे मेसेज येतील. सीड फ्रेज (वॉलेट उघडणारे गुप्त शब्द) कुणालाही देऊ नका, ‘अनलॉक फी’ म्हणून आणखी बीएनबी पाठवू नका. टोकनच्या वेबसाइटवर वॉलेट जोडून काही मंजूर केलं असेल, तर बीएससीस्कॅनच्या टोकन अप्रूव्हल पानावर जाऊन ती परवानगी आजच रद्द करा. तिथे पॅनकेकस्वॅपचा राउटर, म्हणजे त्याचा अदलाबदल करणारा कॉन्ट्रॅक्टही दिसेल, त्याची परवानगी रद्द करायची घाई नाही.