बिडी सोडली, मग तब्येत का बिघडली?

प्रश्न : डॉक्टर ताई, नमस्कार. मी रावेर तालुक्यातला केळी उत्पादक. वय ५१. मिसरूड फुटलं तेव्हापासून बिडी. रोज एक बंडल, केळीची कापणी चालू असली की दीड. पाडव्याला घरच्यांसमोर नारळ फोडला आणि सोडली. आता दुसरा आठवडा चालू आहे, पण ओढत होतो तेव्हा बरा होतो असं वाटायला लागलंय. खोकला वाढला. तीन-तीन दिवस पोट साफ होत नाही. आधी सकाळी एक बिडी ओढली की लगेच मोकळं व्हायचं. जिभेच्या कडेला फोड आलेत. रात्री दोनला जाग येते, छाती धडधडते, हाताला कंप सुटतो. कापणीच्या टोळीवर, घरात पोरावर उगाच ओरडतो. हाताला चाळा म्हणून चहा मात्र वाढलाय, सात-आठ कप होतात. आमचे मोठे भाऊ म्हणतात, इतक्या वर्षांची सवय एकदम तोडली की शरीराला धक्का बसतो, रोज दोन ओढत जा. त्यांचं ऐकू का?

उत्तर : भाऊ, मोठ्या भाऊंना माझा नमस्कार सांगा, पण त्या दोन बिड्या ओढू नका. सगळ्यात अवघड दिवस तुमच्या मागे पडलेत. ते पुन्हा पहिल्यापासून काढायची वेळ स्वतःवर आणू नका.

धक्क्याची भीती लोकांच्या मनात दारूवरून आली असावी. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू अचानक बंद केली तर झटके येऊ शकतात, जिवावरही बेतू शकतं. म्हणून दारू डॉक्टरांच्या नजरेखाली सोडावी लागते. बिडीचं तसं नाही. बिडी एका दिवसात बंद केली तर त्रास होतो, पुष्कळ होतो, पण त्या त्रासाने माणूस दगावत नाही.

रक्तातलं निकोटिन साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं आणि दोन-तीन दिवसांत जवळजवळ संपतं. त्याच दोन-तीन दिवसांत तलफ, चिडचिड आणि बेचैनी सगळ्यात जास्त असते. पुढे दोन ते चार आठवड्यांत बहुतेक त्रास ओसरतो. भूक आणि अधूनमधून उठणारी तलफ तेवढी जास्त दिवस रेंगाळते. मेंदूत निकोटिन झेलणाऱ्या ज्या जागा इतक्या वर्षांत वाढून बसल्यात, त्या उपाशी राहिल्या तरच कमी होतात. रोज दोन बिड्या दिल्या तर त्यांना जगण्यापुरतं मिळत राहतं, आणि उरलेला सगळा दिवस तुम्ही पुढच्या बिडीची वाट पाहत काढता. दोनच्या चार होतात त्या अशाच.

आता तुमच्या चहाविषयी. तुमच्या पत्रातली ही ओळ मी दोनदा वाचली, कारण रात्री दोनची जाग, धडधड आणि कंप यांतला बराचसा भाग मला तिथे दिसतो. बिडीच्या धुरात अशी रसायनं असतात, ज्यांच्यामुळे यकृत चहातलं कॅफिन नेहमीपेक्षा लवकर निपटून टाकतं. धूर बंद झाला की काही दिवसांत यकृताचा तो वेग उतरतो. मग चहा तेवढाच घेतला तरी रक्तातलं कॅफिन दुपटीच्या आसपास जाऊ शकतं. तुम्ही तर चहा वाढवलाय. म्हणजे शरीराला पूर्वीच्या बारा-पंधरा कपांइतका चहा पोचतोय, आणि माणसाला वाटतं की हे सगळं बिडी सोडल्याने झालं. हे बहुतेकांना कुणी सांगितलेलंच नसतं, याचं मला फार वाईट वाटतं. निव्वळ चहामुळे झोप उडालेली माणसं पुन्हा बिडीकडे गेलेली मी पाहिली आहेत. तेव्हा चहा तीन कपांवर आणा, तोही अर्धा-अर्धा कप, आणि दुपारी तीननंतर नको. एकदम तोडलात तर एक-दोन दिवस डोकं दुखेल, म्हणून चार दिवसांत हळूहळू उतरवा. शेतात कुणी आग्रह केला तर ताक मागा. सध्याच्या उन्हात तेच बरं. चक्कर आणि थकवा अंगातलं पाणी कमी झाल्यानेही येतो.

पोटाचं म्हणाल तर चोपड्याच्या माझ्या दवाखान्यात ही तक्रार इतकी येते की मी आता न विचारताच सांगते. एक आजोबा मला म्हणाले होते, "बिडी वढी नही ते पोट साफ व्हत नही." खरं आहे त्यांचं. निकोटिन आतड्यांना ढकलतं. वर्षानुवर्षं रोज सकाळी तो धक्का मिळाला की आतडी त्याचीच वाट पाहतात. तो बंद झाला की काही आठवडे ती सुस्तावतात, मग आपोआप चालू लागतात. तोवर उठल्यावर दोन पेले कोमट पाणी घ्या आणि कळ आली नाही तरी रोज ठरल्या वेळी संडासला बसा. जेवणात मैदा, शेव आणि पाव कमी करून दादर ज्वारीची किंवा कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी ठेवा. पोकळा, मेथी, अंबाडी, जी मिळेल ती पालेभाजी दोन्ही वेळा घ्या. आणि केळी तुमच्याच मळ्यात आहेत; चांगली पिवळी, पिकलेली खा, कच्चट नको. एवढं करून चार दिवसांत फरक पडला नाही तर रात्री इसबगोल घ्या, पण भरपूर पाण्यासोबत. जुलाबाच्या कडक गोळ्यांची सवय लावून घेऊ नका. 

खोकला वाढला याचं घाबरू नका. श्वासनळीच्या आतल्या अस्तरावर अतिसूक्ष्म केस असतात आणि त्यांचं काम कफ वर ढकलण्याचं. धुराने ते लुळे पडलेले असतात. धूर थांबला की ते पुन्हा हलू लागतात आणि साचलेला कफ वर यायला लागतो. तो दाबायला खोकल्याचं औषध घेऊ नका. कोमट पाणी प्या, वाफ घ्या, कफ बाहेर पडू द्या. तुमच्यासारख्या बिडीवाल्यांच्या छातीत साचलेलं जास्त असतं. तेंदूपानाची बिडी लगेच विझते, म्हणून ती वारंवार आणि जोरात ओढावी लागते. प्रत्येक झुरक्यासोबत धूर आणि कार्बन मोनॉक्साइड खोल जातो. सातपुड्यातल्या झाडाचं पान म्हणून बिडी सिगारेटपेक्षा सौम्य असते, हा आपल्याकडचा समज खोटा आहे. मात्र एक गोष्ट अगदी गंभीरपणे सांगते. खोकला दोन आठवड्यांच्या पुढे गेला तर "बिडी सोडल्याचाच असेल" म्हणून बसून राहू नका. सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी मोफत होते, ती करून घ्या. बिडी ओढणाऱ्यांना क्षयाचा धोका जास्त असतो. कफात रक्त दिसलं, संध्याकाळी बारीक ताप येत असेल किंवा वजन उतरत असेल, तर दोन आठवडेही थांबू नका.

तोंडातले फोडही पुष्कळांना येतात आणि बहुतेकांचे महिन्याभरात जातात. तोवर तिखट, झणझणीत रस्सा बाजूला ठेवा, मीठ घातलेल्या कोमट पाण्याने चुळा भरा. पण एकाच जागी राहिलेला फोड, न दुखणारा कडक चट्टा, पांढरा किंवा लाल डाग, तोंड पूर्वीइतकं न उघडणं, यातलं काही दोन-तीन आठवडे टिकलं तर दातांच्या किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. तुमचे फोड जिभेच्या कडेला आहेत, म्हणून हे मुद्दाम लिहिते.

चिडचिडीला औषध कमी आणि वेळ जास्त लागतो. पोराला आणि टोळीच्या मुकादमाला सरळ सांगा की मी बिडी सोडलीय, अजून दोन-तीन आठवडे आवाज चढेल, मनावर घेऊ नका. सांगितलेलं माणसं समजून घेतात. तलफ उठली की ती काही मिनिटं टिकते आणि उतरते. तेवढ्यात जागा सोडा, बांधावर चक्कर मारा, घोट-घोट पाणी प्या, बडीशेप किंवा भाजलेले जवस चावा. सकाळी उपाशीपोटी मळ्यात जायची सवय असेल तर ती मोडा. निकोटिन भूक मारत होतं, आता पोट रिकामं राहिलं की हात थरथरतात आणि माणसाला ती तलफ वाटते. स्वप्नात बिडी ओढताना दिसलात तरी अपराधी वाटून घेऊ नका, तसं पुष्कळांना होतं.

तुमच्यासारख्या जुन्या आणि भरपूर ओढणाऱ्याला निकोटिनच्या च्युइंगगमचा चांगला उपयोग होतो. २ मिलिग्रॅमची गोळी मेडिकलवर चिठ्ठीशिवाय मिळते. उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत पहिली बिडी लागत असेल तर ४ मिलिग्रॅमची लागू शकते, ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवर. ती पानासारखी चघळत राहायची नसते. हळू चावायची, झिणझिणी आली की गाल आणि हिरडीच्या मधे ठेवायची, झिणझिणी गेली की परत चावायची. भरभर चावून लाळ गिळली तर उचकी आणि मळमळ होते. चहा पिल्यावर पंधरा मिनिटं घेऊ नका, नीट शोषली जात नाही. काही आठवड्यांनी कमी करत तीन महिन्यांत बंद करायची. अलीकडे हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. मोफत बोलायचं असेल तर १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय क्विटलाइनचा, म्हणजे तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या फोनसेवेचा नंबर आहे, तुमच्या बिडीच्या बंडलावरही छापलेला असतो.

आणि धडधडीबद्दल शेवटचं. छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, दरदरून घाम, धाप, असं काही झालं तर ते बिडी सोडल्याचं लक्षण समजू नका. त्याच क्षणी १०८ ला फोन करा.

प्रश्न : ताई, मी भुसावळची. यांची रेल्वेत रात्रपाळी असते. दोन महिन्यांपूर्वी सिगारेट सोडली, पण आता जागं राहायला तंबाखू-चुना चालू केलाय. म्हणतात, धूर तर नाही ना. वर वजन वाढलं म्हणून कुरकुर. सासूबाई म्हणतात, घरात कटकट नको, ओढू दे एखादी.

उत्तर : ताई, तंबाखू मळणं म्हणजे निकोटिन सुटलेलंच नाही, फक्त ते फुफ्फुसाऐवजी तोंडातून जातंय. तोंडाच्या कर्करोगाची वाट यातूनच जाते. त्यांनी दोन महिने धूर बंद ठेवला हे खरोखर मोठं काम आहे, ते आधी त्यांच्या तोंडावर बोला. मग तंबाखूच्या डबीच्या जागी निकोटिनचं च्युइंगगम द्या, वर लिहिलंय तसं. रात्रपाळीत जागं राहण्यासाठी पाळीच्या आधी दीड तास झोप, आणि दर तासाला उठून चालणं.

वजन वर्षभरात सरासरी चार-पाच किलो वाढतं. ते नंतर उतरवता येतं. डब्यात फरसाणाऐवजी भाजलेले शेंगदाणे मूठभर आणि काकडी द्या. सासूबाईंना सांगा की "एखादी" सिगारेट एकच राहत नाही. त्या आई आहेत, मुलाची तगमग त्यांना बघवत नाही, म्हणून बोलतात. त्यांच्याशी भांडू नका, त्यांनाच त्याच्या डब्याची जबाबदारी द्या.

प्रश्न : शहाद्याहून लिहितो. वय ६८, दम्यासाठी थिओफायलिनची गोळी बरीच वर्षं चालू आहे, साखरेचीही गोळी आहे. मुलीच्या हट्टाने गेल्या आठवड्यात बिडी सोडली. मळमळतं, छाती धडधडते. बिडी सोडल्यानेच ना?

उत्तर : बाबा, तुम्ही मात्र उत्तराची वाट न पाहता तुमच्या डॉक्टरांकडे जायला हवं होतं, म्हणून हा अंक हाती पडताच जा. चहाचं वर जे सांगितलं तेच या गोळीचंही आहे. धूर बंद झाला की थिओफायलिन रक्तात जास्त साचतं, आणि मळमळ, धडधड, कंप ही ते जास्त झाल्याची लक्षणं असू शकतात. मात्रा कमी करावी लागते, पण किती ते डॉक्टरच ठरवतील. गोळी स्वतःहून बंद करू नका आणि बिडीही परत धरू नका. साखरही या काळात वर-खाली होऊ शकते, ती तपासून घ्या. जाताना सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या आणि बिडी कोणत्या दिवशी सोडली ते डॉक्टरांना आधी सांगा, त्यांनी विचारलं नाही तरी.