'सॅमोमा बॉडीज'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आहे: आईच्या मेंदूच्या आवरणातली गाठ, म्हणजे मेनिन्जिओमा, काढली. बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये 'व्होर्ल्स' आणि 'सॅमोमा बॉडीज' दिसल्याचं लिहिलंय. आईला मराठीत काय सांगू?

पहिल्यासाठी शब्द तयारच आहे: भोवरा. या गाठीतल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली एकमेकींभोवती गुंडाळून बसलेल्या दिसतात, टाळूमागे केस फिरतात तशा. काही जण 'वलय' लिहितात, ते मला पटत नाही. वलय म्हणजे कडं, आतून मोकळं. इथे आतही पेशीच असतात. 'आवर्त' अर्थाने बरोबर आहे, पण भोवरा म्हटलं की नातवाच्या डोक्यावर बोट ठेवून दाखवता येतो.

'सॅमोमा'त ग्रीक 'प्सॅमॉस' आहे, म्हणजे वाळू. इंग्रजी उच्चारात सुरुवातीचा प गळाला. नाव चपखल आहे. असे कण पुष्कळ असलेली गाठ कापताना सुरीला कचकच लागते, नीट न धुतलेला पालक दाताखाली लागतो तशी. पुष्कळदा भोवऱ्याच्या मधोमधच कॅल्शियम थरांवर थर साचत जातं. पेशी नीट दिसाव्यात म्हणून प्रयोगशाळेत लावतात त्या नेहमीच्या हेमॅटॉक्सिलिन-इओसिन रंगात हा कण जांभळट-निळा, आडव्या चिरलेल्या कांद्यासारखा दिसतो.

आता 'बॉडी'. 'शरीर' तर नकोच. अँटीबॉडीला आपण प्रतिपिंड म्हणतो, त्या चालीवर 'वालुकापिंड' सुचेल. शास्त्रीय लेखात तो चालेलही, पण आजारपण असलेल्या घरात 'पिंड' हा शब्द कानाला काय ऐकवतो, ते सांगायला नको. आयुर्वेदातल्या सिकतामेहात, म्हणजे लघवीतून वाळूसारखे कण जाण्याच्या विकाराच्या नावात, वाळूसाठी 'सिकता' आहे, पण आज तो किती जणांना कळेल? माझं मत 'वालुकाकण', आणि बोलताना सरळ 'वाळूसारखे कण'. 'खडे' मात्र म्हणू नका. मुतखडा ऐकलेला माणूस लगेच विचारेल, पाणी पिऊन पडतील का? हे कण सूक्ष्मदर्शकातून बघायचे आहेत.

आणखी एक, कारण हे ऐकून आई घाबरू शकते: वालुकाकण दिसले म्हणजे गाठ वाईट, असं अजिबात नाही. ज्या प्रकारात ते सर्वांत जास्त असतात, तो सॅमोमॅटस मेनिन्जिओमा जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात ग्रेड 1, म्हणजे सर्वांत सौम्य गटात येतो. तुमच्या रिपोर्टमध्ये ग्रेडची ओळ वेगळी असेल. ती डॉक्टरांकडून समजून घ्या आणि मग आईशी बोला.